जिममधल्या मित्राने बॅम-१५ नावाची चरबी जाळणारी कॅप्सूल दिली आहे, घेऊ का?

नको, अजिबात घेऊ नका. इथे बडोद्यात माझ्या भाच्यानेही अशीच बाटली मागवली होती. हातात घेऊन पाहिली, तर लेबलच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं: फक्त संशोधनासाठी, माणसांनी खाण्यासाठी नाही. तुमच्याही बाटलीवर बघा.

हे रसायन पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाला जणू गळती लावतं. अन्नातली ऊर्जा शरीराच्या कामी येण्याऐवजी उष्णता होऊन निघून जाते. लठ्ठ उंदरांची चरबी त्याने घटली, हे खरं. पण माणसाला किती डोस चालेल, यकृत-हृदयाचं काय होईल, हे उंदरांवरून कळत नाही. याच तत्त्वावरचं डीएनपी (डायनायट्रोफेनॉल) हे रसायन १९३३ च्या सुमारास अमेरिकेत वजन उतरवायला सर्रास दिलं जायचं. लोक बारीक झाले, पण कित्येकांना मोतीबिंदू झाला आणि काही जण अंगातली उष्णता आवरेना म्हणून दगावले. १९३८ मध्ये ते बंद करावं लागलं. त्यावर आजही उतारा नाही. बॅम-१५ त्याहून सौम्य असेलही, पण त्या कॅप्सूलमध्ये नक्की काय भरलंय, हे कोण सांगणार?

एखादी घेतली असेलच आणि ताप, घाम, धडधड वाटली, तर बाटली सोबत घेऊन लगेच सयाजी रुग्णालय गाठा.