बायबलमधल्या समलैंगिकतेविषयीच्या ओव्या त्यांच्या काळात ठेवून वाचल्या, तर अर्थ बदलतो का?

तुमचा प्रश्न असा, की समलैंगिकतेविरुद्ध म्हणून दाखवली जाणारी बायबलमधली वचनं त्या काळाच्या संदर्भात वाचावीत हे म्हणणं खरं आहे, की ती नुसती पळवाट आहे? माझ्या मते काही ठिकाणी संदर्भाने अर्थ साफ बदलतो, काही ठिकाणी फारसा बदलत नाही आणि एका जागी खरा वाद आहे. मी ख्रिस्ती घरात वाढलो, धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. वाचनातून आणि शास्त्राभ्यासाच्या बैठकांतल्या वादांतून जे हाती लागलं ते लिहितो.

आधी एक लक्षात घ्या, अख्ख्या बायबलमध्ये हा मजकूर जेमतेम सहा-सात ठिकाणी आहे. येशूचं आयुष्य सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत येशू यावर थेट काहीच बोलत नाही. (म्हणजे त्याला ते मान्य होतं, असा अर्थ काढणंही घाईचं आहे.)

सदोम या गावाच्या गोष्टीपासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात, सदोममध्ये राहणाऱ्या लोटाच्या घरी दोन परके पाहुणे येतात. गावातले सगळे पुरुष दाराशी जमतात आणि पाहुण्यांना बाहेर काढ, आम्हाला त्यांच्याशी संग करायचाय, म्हणून दरडावतात. पाहुण्यांच्या बदल्यात लोट स्वतःच्या दोन कुमारी मुली द्यायला तयार होतो! इथे दोन माणसांचं एकमेकांवरचं प्रेम कुठे आलं? हा जमावाचा बलात्काराचा प्रयत्न आहे, परक्याची नाचक्की करण्यासाठी. शास्ते या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात गिबा गावी जवळजवळ हीच गोष्ट पुन्हा घडते. तिथे पाहुण्याऐवजी त्याची उपपत्नी जमावाच्या हाती दिली जाते आणि त्या अत्याचारात ती मरते. गिब्याच्या गोष्टीवरून स्त्री-पुरुष संबंधच पाप आहे, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

बायबल स्वतः सदोमकडे कसं बघतं? यहेज्केल १६:४९ मध्ये सदोमचा अपराध सांगितलाय तो गर्व, पोटभर अन्न, निवांत सुख आणि तरीही गरिबांना हात न देणं. पुढच्याच ओवीत ‘अमंगळ कृत्य’ असा शब्द येतो, आणि परंपरावादी वाचक त्याच्याकडे बोट दाखवतात, हे मान्य केलं पाहिजे. यहुदाच्या पत्रातही सदोमच्या लैंगिक अनाचाराचा उल्लेख आहे. पण सदोम म्हणजे पुरुषा-पुरुषांतला संबंध, हे समीकरण ठसठशीतपणे मांडलं ते पहिल्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या फिलोसारख्या लेखकांनी. पुढे रोमन सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात याविरुद्ध कायदे केले आणि त्यांत म्हटलं, की या कृत्यांमुळे दुष्काळ आणि भूकंप येतात. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या काळात, १५३३ साली, याला फाशीची शिक्षा आली. त्याच इंग्रजी परंपरेतून १८६०च्या दंडसंहितेत आपलं कलम ३७७ आलं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळलं. लोटाच्या दाराशी जमलेल्या जमावाची किंमत मुंबई-पुण्यातल्या माणसांनीही मोजली, ती अशी.

लेवीय या नियमांच्या पुस्तकात, १८:२२ आणि २०:१३ मध्ये, मात्र संदर्भ फार मदतीला येत नाही. पुरुषाने पुरुषाशी संग करू नये, असं तिथे सरळ म्हटलंय, आणि दुसऱ्या जागी दोघांनाही मरणदंड आहे. ‘त्याच पुस्तकात दोन जातींच्या धाग्यांचं कापडही मना आहे, मग तेही पाळा’ हा युक्तिवाद मला पटत नाही. त्याच अध्यायांत रक्ताच्या नात्यातला संग आणि लेकरांचा बळी यांनाही बंदी आहे, आणि ती आपण सोडून देत नाही. संदर्भ सांगतो तो एवढाच, की ‘मिसरी आणि कनानी लोकांसारखं वागू नका’ या चौकटीत इस्राएलला वेगळं ठेवणारा हा पावित्र्याचा नियम आहे, आणि त्यात स्त्रियांच्या आपसांतल्या संबंधांचा उल्लेखही नाही. ख्रिस्ती माणसाला तो कितपत लागू, हा प्रश्न मग नव्या कराराकडे, म्हणजे बायबलच्या येशूपासूनच्या भागाकडे, जातो.

येशूनंतर मंडळ्यांना पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात (६:९) दुराचाऱ्यांच्या यादीत, पुरुषाशी संग करणाऱ्या पुरुषांसाठी म्हणून वापरलेला एक ग्रीक शब्द त्याच्या आधी कुठे आढळत नाही. लेवीयच्या ग्रीक भाषांतरातले दोन शब्द जोडून तो बनवला असावा, असं दिसतं. नुसत्या यादीतल्या एका शब्दावर मी फार मोठी इमारत उभी करणार नाही.

खरा वाद आहे तो रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात. साधारण इसवी सन ५७च्या सुमारास पौल हे पत्र लिहितोय, गादीवर नीरो आहे. त्या समाजात धनी आपल्या गुलामाला, मग तो पोरगा का असेना, हवा तसा वापरू शकत असे, आणि कायदा आड येत नसे. लाज होती ती स्वतंत्र रोमन पुरुषाने दुसऱ्याखाली जाण्यात. पौलाच्या डोळ्यांसमोरचं बरंचसं चित्र हेच असणार. पण सगळं तेवढ्यावर ढकलता येत नाही. २६व्या ओवीत तो स्त्रियांचाही उल्लेख करतो आणि २७व्या ओवीत पुरुष ‘एकमेकांविषयी’ कामातुर झाले म्हणतो. म्हणून पौल फक्त शोषणाबद्दल बोलतोय, ही उदारमतवाद्यांची आवडती मांडणी मला अपुरी वाटते. त्याला हे संबंध नापसंत होते, आणि त्याच्या काळच्या बहुतेक यहुदी विचारवंतांसारखेच होते.

मग उरतं काय? एक म्हणजे, त्याच्या लेखी ही वासना मूर्तिपूजेचा परिणाम आहे: लोकांनी देवाला सोडलं, म्हणून देवाने त्यांना सोडून दिलं. लहानपणापासून प्रार्थना करत वाढलेल्या आणि तरीही समलैंगिक असलेल्या मुलाला हे वर्णन कसं लागू होईल? पौल या संबंधांना ‘निसर्गाविरुद्ध’ म्हणतो, तो आधारही वाटतो तितका टणक नाही. पुरुषाने लांब केस ठेवणं लाजिरवाणं आहे, हे निसर्गच शिकवतो, असं पौलच करिंथकरांना लिहितो. आणि रोमकरांस पत्राच्याच ११व्या अध्यायात परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, देवाने रानजैतुनाच्या फांदीसारखं कलम केलं, तेही निसर्गाविरुद्धच, असं तो म्हणतो.

दुसरं म्हणजे अध्यायाची फोड. ती पौलाने केलेली नाही, ती बरीच नंतरची. पहिल्या अध्यायाच्या शेवटी तो हेवा, लोभ, चहाडी, आईबापांची अवज्ञा अशी लांबलचक यादी देतो, ऐकणारा मान डोलवत असतो, आणि दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत तो त्याच्याकडे वळून म्हणतो, की दुसऱ्याला दोष लावणाऱ्या माणसा, तुलाही सबब नाही. तुम्हाला कुणी २६ आणि २७ या दोनच ओव्या पाठवल्या असतील, तर तिथून २:४ पर्यंत सलग वाचून बघा. दोन जोडीदारांनी आयुष्यभर एकनिष्ठ राहण्याला चर्चने आशीर्वाद द्यावा का, हे त्यात पौलाला कुणी विचारलेलं नाही आणि त्याने त्याचं उत्तरही दिलेलं नाही. ते आजच्या मंडळीलाच ठरवावं लागेल, आणि माझ्या मते उत्तर ‘हो’ असावं. माझ्या बैठकीतले निम्मे लोक याला ठाम नाही म्हणतात, आणि त्यांनीही हेच अध्याय वाचलेत.