पाण्यातले जिवाणू माणसाला आजारी पाडायला कसे शिकतात? मुंबईकरांच्या पोटाला त्यांची सवय होते का?

शिकत नाहीत हो, शाळा असते का त्यांची? कोट्यवधींतल्या एखाद्याच्या हाती चुकून हत्यार लागतं आणि त्याचंच पीक वाढतं.

पण 'सवय' वाचलं आणि मला धाकटे दीर आठवले. लालबागची चाळ, जमिनीखाली टाकी, शेजारून गटार. पाणी पहाटे दोन तास. ते बंद झालं की रिकामा पाइप फुटक्या सांध्यातून बाहेरची घाण आत ओढतो. म्हणून पहिलं गढूळ पाणी सोडून द्या, पावसाआधी टाकी उपसा, असं मी दर मे महिन्यात सांगायचे. लॅबमध्ये टेक्निशियन होते ना मी. भावोजी चाळ कमिटीचे खजिनदार. "वहिनी, लॅब तिकडेच ठेवा. जन्मापासून हेच पाणी पितोय, आमची पोटं तयार आहेत."

जूनमध्ये एका रात्री तयार पोटाने दगा दिला. पेजेच्या पाण्यासारखे जुलाब, डोळे खोल गेलेले, बोटं दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली. सलाइनच्या आठ बाटल्या लागल्या. नमुना मीच लावला. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू तापल्या तव्यावरच्या थेंबांसारखे सैरावैरा पळत होते. दुसऱ्या दिवशी टीसीबीएस या, कॉलऱ्याचे जंतू वाढवायच्या हिरव्या प्लेटवर पिवळ्याधमक कॉलन्या, म्हणजे जंतूंचे ठिपके, आणि अँटीसीरम (जंतू ओळखायचं द्रव) घालताच गुठळ्या. कॉलरा.

हा जंतू मूळचा खाडीच्या मचूळ पाण्यातला, कोळंबीच्या भाऊबंदांतल्या इवल्या कोपेपॉडांच्या कवचावर राहणारा. त्या कवचातलं कायटिन, म्हणजे ज्याचं ते बनलेलं असतं ते द्रव्य, मिळालं की तो आजूबाजूला पडलेला परका डीएनए ओढून घ्यायला लागतो. विषाचा जीन मात्र त्याला एका विषाणूने दिला, हे १९९६ साली वॉल्डर आणि मेकालानोस या शास्त्रज्ञांनी दाखवलं. गंमत अशी की आतड्यात वस्ती करायला जंतूला अंगावरचे जे केसासारखे तंतू लागतात, तेच त्या विषाणूचं आत शिरायचं दार. विषामुळे आतडं पाणी सोडतं आणि जंतू पुन्हा गटारात, म्हणजे जुलाब ही त्याची एसटी. (ते विष १९५९ साली दाखवून दिलं कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी. नोबेल नाही मिळालं.) या जंतूच्या दोनशेहून जास्त प्रकारांपैकी रोगाच्या साथी आणल्या त्या दोघांनीच, ओ-१ आणि ओ-१३९.



आता एक कबूल करते. कॉलरा होऊन गेला की काही वर्षं बरंच संरक्षण मिळतं, म्हणजे भावोजी अगदीच खोटं बोलत नव्हते. पण ते त्या प्रकारापुरतं. १९९२ मध्ये चेन्नईत ओ-१३९ उगवला, तो ओ-१ चाच वंशज, फक्त वरचा अंगरखा बदललेला. जुनी प्रतिकारशक्ती कामी आली नाही, मोठी माणसंही आडवी झाली. आणि हो, प्रत्येक जुलाब म्हणजे कॉलरा नव्हे. ओआरएस मात्र लगेच सुरू करा, तपासणीची वाट बघू नका.

टाकी त्याच आठवड्यात उपसली. कमिटीच्या वहीत भावोजींनी स्वतःच्या हाताने खर्च मांडला: 'किरकोळ दुरुस्ती'.