कीबोर्डला गिटारचा ॲम्प का मानवत नाही?

सिंथ (इलेक्ट्रॉनिक आवाज घडवणारा कीबोर्ड), ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) आणि इफेक्ट्स (आवाजाला रंग देणारी यंत्रे) वाजवणाऱ्यांनी कार्यक्रमासाठी परवडणारा ॲम्प (आवाज मोठा करणारे यंत्र) कसा निवडावा, याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. काहींनी फक्त ‘सगळ्यांत चांगला ॲम्प कोणता’ एवढेच विचारले होते. कोणते वाद्य, किती मोठी जागा आणि खिशात किती पैसे हे कळल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही, म्हणून ती पत्रे बाजूला ठेवली.

प्रश्न : आमच्या ऑर्केस्ट्रात मी 61 पट्ट्यांचा सिंथ वाजवतो. गिटारवादकाचा 40 वॅटचा जुना ॲम्प पडून होता, तो मी वापरू लागलो. हेडफोनवर झळाळणारे स्ट्रिंग्ज आणि घंटेचे आवाज त्यावर गोधडीखाली दाबल्यासारखे येतात आणि डाव्या हाताने बेस वाजवला की आवाज फाटतो. ॲम्प बिघडला आहे का? (कीबोर्डवादक, सातारा)

उत्तर : ॲम्प बहुधा ठणठणीत आहे. तो दुसऱ्या कामासाठी बनवलेला आहे, इतकेच. गिटारच्या ॲम्पमधील स्पीकरला ट्वीटर (उंच, बारीक स्वरांचा छोटा स्पीकर) नसतो आणि तो साधारण 75 ते 5,000 हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात नीट वाजतो. इलेक्ट्रिक गिटारला हे सोयीचे असते, कारण तिची सर्वांत जाड तार 82 हर्ट्झच्या आसपास लागते आणि ओव्हरड्राइव्हमधून (मुद्दाम फाडलेल्या आवाजातून) निघणारी वरची कर्कश किरकिर स्पीकरच परस्पर गाळून टाकतो. गिटारचा जो आवाज आपण ओळखतो, त्याचा निम्मा भाग या गाळणीतून आलेला असतो. सिंथच्या घंटेचा आणि स्ट्रिंग्जचा झळाळ मात्र नेमका 5,000 हर्ट्झच्या वर असतो, त्यामुळे तुमचे स्वर ऐकू येतात आणि त्यांचे तेज हरवते.

आता फाटण्याविषयी. तुमच्या सिंथवर सर्वांत डावीकडची पट्टी ही पांढरी एक (C) आहे आणि तिचा मूळ स्वर सुमारे 65 हर्ट्झ असतो. ऑक्टेव्हचे बटण एकदा खाली दाबले की तीच पट्टी 33 हर्ट्झवर जाते. मागून उघड्या असलेल्या गिटार कॅबिनेटमध्ये इतका खालचा स्वर जोरात दिला, तर स्पीकरचा कागद मर्यादेबाहेर पुढेमागे हलतो आणि पुढे कधीतरी कायमचा खरखरू लागतो. शिवाय सिंथच्या लाइन आउटमधून (आवाज बाहेर काढणाऱ्या जॅकमधून) येणारा सिग्नल गिटारच्या पिकअपपेक्षा (तारांची थरथर पकडणाऱ्या भागापेक्षा) कितीतरी जोरकस असतो, म्हणून ॲम्पच्या पहिल्याच टप्प्यात आवाज फाटतो. नवा ॲम्प येईपर्यंत दोन गोष्टी करा. ॲम्पच्या मागे इफेक्ट्स रिटर्न असा जॅक असेल तर सिंथ तेथे जोडा, म्हणजे गिटारसाठी बांधलेला पुढचा भाग टळेल. आणि खालचे स्वर बेस गिटारवाल्याकडे सोपवा.

गिटार ॲम्प सिंथला कधीच चालत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. रोलँडचा 1975 साली आलेला जेसी-120 हा दोन 12 इंची स्पीकरांचा, 60 अधिक 60 वॅटचा ॲम्प त्याच्या स्वच्छ आवाजामुळे सिंथवाल्यांनीही आपलासा केला. मोनो लीड सिंथला (एका वेळी एकच स्वर काढून मुख्य धून वाजवणाऱ्याला) मुद्दाम जरा मळका, गिटारसारखा रंग द्यायचा असेल तर गिटार ॲम्पसारखी दुसरी वस्तू नाही. पण तो रंग हवा म्हणून निवडावा; पडून होता म्हणून वापरला, तर तुमची आज झाली आहे ती गत होते.

प्रश्न : माझ्याकडे 25,000 रुपये आहेत. दुकानात एका स्पीकरवर 1,000 वॅट आणि दुसऱ्यावर 150 वॅट लिहिले होते, आणि किंमत जवळपास सारखीच होती. कीबोर्ड ॲम्पही दाखवला. आमचे कार्यक्रम सोसायटीच्या सभागृहात, शंभर-दीडशे माणसांपुढे होतात. काय घ्यावे? (पुणे)

उत्तर : आधी त्या 1,000 वॅटचा हिशोब करू. डब्यावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा क्षणभराच्या उसळीचा असतो. सतत देता येणारी शक्ती त्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी असू शकते. दुसरी गोष्ट अशी की वॅट दुप्पट झाले तरी आवाज केवळ 3 डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटायला शक्ती दहापट करावी लागते. स्पीकर एका वॅटला एक मीटरवर किती डेसिबल देतो, हा आकडा म्हणूनच वॅटइतकाच मोलाचा आहे. हा आकडा 97 असलेला स्पीकर 100 वॅटमध्ये जे करतो, ते 91 आकड्याच्या स्पीकरला 400 वॅटमध्ये जमते. दुकानदाराला हा आकडा विचारा. तो सांगू शकला नाही, तर माहितीपत्रक मागा आणि त्यातही नसेल तर पुढच्या दुकानात चला. तापकीर गल्लीत दुकानांना तोटा नाही.

कीबोर्ड ॲम्प की ट्वीटर-हॉर्नसह (उंच स्वरांच्या भोंग्यासह) येणारा पॉवर्ड स्पीकर (ज्याच्या आतच ॲम्प असतो), या प्रश्नावर माझा कौल तुमच्या रकमेत पॉवर्ड स्पीकरच्या बाजूने आहे. कीबोर्ड ॲम्पमध्ये तीन-चार चॅनल, हेडफोनचा जॅक अशा सोयी असतात, आणि ज्याच्याकडे दोन कीबोर्ड आणि एक माइक आहे त्याचे मिक्सरचे पैसे त्यात वाचतात. रोलँडच्या केसी-400 सारखा 150 वॅटचा, 12 इंची ॲम्प वर्षानुवर्षे मुकाट्याने काम करतो. पण असा ॲम्प बहुतेक जण पाठीमागे जमिनीवर ठेवतात, आणि मग तो वादकाच्या पोटऱ्यांना गाणे ऐकवतो. पॉवर्ड स्पीकर स्टँडवर चढतो, आडवा टाकला की मॉनिटर (वादकाला स्वतःचे ऐकू यावे म्हणून ठेवलेला स्पीकर) होतो, आणि उद्या दुसरा घेतला की स्टीरिओची जोडी तयार होते.

तुमच्या सभागृहासाठी ऑक्टोपॅड नसेल तर 10 इंची पुरेल; ऑक्टोपॅडवर किक (बेस ड्रम) वाजणार असेल तर 12 इंचीच घ्या. दुकानात ऐकताना दुकानदाराच्या मोबाइलवरचे गाणे ऐकू नका, कारण तयार गाणे कोणत्याही स्पीकरवर गोड लागते. आपला सिंथ घेऊन जा आणि दोन बेस वाजवून पाहा, एक सॉ वेव्हचा आणि एक साइन वेव्हचा. सॉमध्ये वरचे हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले उपस्वर) भरपूर असल्याने तो लहान स्पीकरवरही ऐकू येतो आणि मूळ स्वराची कमतरता कान स्वतः भरून काढतो; साइनमध्ये मूळ स्वराशिवाय काहीच नसल्याने तो जेथे नाहीसा होतो, तेथे त्या स्पीकरची तळरेषा आहे असे समजा. हे पाच मिनिटांचे काम माहितीपत्रकाच्या चार पानांपेक्षा जास्त सांगते.

जाता जाता, ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे आणि रात्री 10 नंतर उघड्यावर सहसा ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सोसायटीच्या कार्यक्रमाला 1,000 वॅट लागतात, हा समज तेवढ्यानेही सोडायला हरकत नाही.

प्रश्न : मी सिंथ गिटारच्या मल्टी-इफेक्ट पेडलमधून काढतो. घरी हेडफोनवर कोरस (आवाज जाड करणारा इफेक्ट) आणि पिंग-पाँग डिले (डावी-उजवीकडे उड्या मारणारा प्रतिध्वनी) अप्रतिम वाटतात. कार्यक्रमात एकाच स्पीकरला जोडले की कोरस जवळजवळ गायब होतो आणि पियानो पोकळ वाटतो. (कोल्हापूर)

उत्तर : हा स्टीरिओचा (डाव्या-उजव्या दोन वाटांचा) मोनो (एकच वाट) होतानाचा घोटाळा आहे. काही इफेक्ट युनिट्स रुंदपणा यावा म्हणून कोरसचा ओला (इफेक्ट लागलेला) भाग डाव्या आणि उजव्या बाजूला उलट्या फेजमध्ये (एकीकडे लाट वर, तर दुसरीकडे खाली) पाठवतात. दोन्ही बाजूंची बेरीज झाली की तो भाग एकमेकांना खाऊन टाकतो आणि कोरडा आवाज तेवढा उरतो. पियानोचे सॅम्पल दोन माइकांनी घेतलेले असते, म्हणून त्याच्या बेरजेतही काही स्वर पोकळ पडतात. स्पीकर एकच असेल तर मोनोतच विचार करावा : सिंथच्या डाव्या, म्हणजे मोनो असेही लिहिलेल्या जॅकमधूनच केबल काढा, पियानोचा मोनो प्रकार दिलेला असेल तर तो निवडा, पिंग-पाँगऐवजी साधा डिले ठेवा आणि सगळे पॅच (साठवून ठेवलेले आवाज) घरीच त्या स्पीकरवर जुळवा. हेडफोनवर जुळवलेला पॅच मंचावर दगा देतो, असा माझा अनुभव आहे. रिव्हर्ब (घुमारा) तर अर्ध्यावर आणा, कारण फरशी-भिंतींचे सभागृह स्वतःचा रिव्हर्ब फुकट देते.

गिटारच्या पेडलमध्ये कॅबिनेट सिम्युलेशन असते. ती गिटार स्पीकरच्या गाळणीचीच नक्कल आहे, तेव्हा सिंथच्या पॅचमध्ये ती बंद असल्याची खात्री करा. गिटारवादकाने मात्र तेच पेडल पॉवर्ड स्पीकरला जोडताना ती चालू ठेवायची आणि खऱ्या गिटार ॲम्पला जोडताना बंद करायची. एकाच स्पीकरवर दोघे वाजवत असाल तर या एका बटणावरून तालमीत हमखास खटके उडतात. पेडलच्या तोंडाशीच आवाज फाटत असेल तर सिंथचा व्हॉल्यूम कमी करा. ते तोंड गिटारच्या हलक्या सिग्नलसाठी केलेले असते.

प्रश्न : लॅपटॉप आणि सिंथ दोन्ही स्पीकरला जोडले की सतत घूं-घूं येते आणि माउस हलवला की चिरचिर. साउंडवाल्याने प्लगची तिसरी पिन काढून टाकायला सांगितली. काढू का? (डोंबिवली)

उत्तर : मुळीच काढू नका. ती पिन अर्थिंगची आहे. यंत्रात दोष होऊन वीज बाहेरच्या धातूवर आली, तर तिला जमिनीत जायला तीच वाट असते; ती नसली तर वाट तुमच्या हातातून जाते. मांडवात, जनरेटरवर आणि ओल्या जमिनीवर तर हा खेळ जिवाशी आहे.

आधी दोष कोठे आहे ते पाहा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज थांबला, तर अर्थिंगच्या दोन वाटांमधून वर्तुळ तयार झाले आहे आणि त्यातून ही गुणगुण येत आहे. ट्रान्सफॉर्मर असलेला पॅसिव्ह डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल लांब नेण्याजोगा करणारी छोटी पेटी) मध्ये घालून ग्राउंड लिफ्टचे बटण दाबले की ते वर्तुळ सिग्नलच्या बाजूने तुटते आणि अर्थिंग शाबूत राहते. माउसबरोबर येणारी चिरचिर मात्र अनेकदा यूएसबीच्या तारेतून सिंथमध्ये शिरते. लॅपटॉप फक्त स्वरांचे संदेश पाठवत असेल, तर यूएसबी सोडून जुन्या पाच पिनांच्या मिडी केबलने जोडून पाहा. त्या जोडणीत घेणाऱ्या बाजूला ऑप्टोकप्लर असतो, म्हणजे संदेश प्रकाशाच्या रूपाने पलीकडे जातो आणि दोन यंत्रांमध्ये विजेचा थेट संबंधच राहत नाही. 1983 साली आलेल्या या जोडणीची ही हुशारी आजही उपयोगी पडते.

साधी जॅक-केबल पाच-सहा मीटरपेक्षा लांब नेऊ नका. त्यापुढे डीआय आणि एक्सएलआर (माइकला असते तशी तीन पिनांची) केबल वापरा.

प्रश्न : जुना कीबोर्ड ॲम्प निम्म्या किमतीत मिळतो आहे. घ्यावा का? (नाशिक)

उत्तर : चालू स्थितीत वीस मिनिटे वाजवून मगच घ्यावा. थंड असताना नीट वाजणारा आणि तापल्यावर कुरकुरणारा ॲम्प घरी आल्यावर उघडा पडतो. प्रत्येक चॅनलचे बटण फिरवून खरखर ऐका, हाय-हॅटचा (ड्रमसेटच्या झांजेचा) आवाज लावून हॉर्न जिवंत आहे का ते पाहा आणि खालचा स्वर धरून ठेवून कोठे काही थरथरते का ते कान लावून ऐका. सगळ्यांत आधी मागचे लेबल वाचा. परदेशातून आलेला एक ॲम्प मी हौसेने घेतला, लेबलावरचे 120 व्होल्ट वाचले नाहीत आणि तो आपल्या 230 व्होल्टमध्ये लावला. पहिला स्वर वाजायच्या आतच ट्रान्सफॉर्मरचा धूर निघाला, आणि दुरुस्तीच्या खर्चात तोच ॲम्प येथे जुना मिळाला असता.