ऑस्ट्रेलियाचा ४८२ व्हिसा : जुन्या माहितीवर जाऊ नकोस

अरे भावा, तुला ज्याने टीएसएससाठी (टेम्पररी स्किल शॉर्टेज, म्हणजे तिथल्या कंपनीने स्पॉन्सर केलेला नोकरीचा व्हिसा) दोन वर्षांचा अनुभव लागतो म्हणून सांगितलं ना, त्याची माहिती जुनी आहे. ७ डिसेंबर २०२४ पासून टीएसएस बंद होऊन त्याच्या जागी स्किल्स इन डिमांड व्हिसा आलाय, नंबर मात्र ४८२ च ठेवलाय त्यामुळे सगळ्यांचा घोळ होतो (मी २०१८ च्या आधीच्या ४५७ नंबरच्या व्हिसावाला, तेव्हाही असाच गोंधळ होता). आता मागच्या पाच वर्षांत एक वर्ष फुल टाइम अनुभव असला तरी चालतं. तुझ्यासाठी या व्हिसातला कोअर स्किल्स स्ट्रीम हा प्रकार, त्यात आधी तुझं काम यादीत आहे का ते बघ, त्या यादीत ४५६ कामं होती सुरुवातीला, आणि पदाचं नुसतं नाव जुळून भागत नाही हं, रोजचं काम जुळलं पाहिजे. पगाराची खालची मर्यादा दर जुलैला वाढते, जुलै २०२५ ला वर्षाला ७६,५१५ ऑस्ट्रेलियन डॉलर झाली.

सगळ्यात भारी बदल म्हणजे नोकरी गेली तर नवा स्पॉन्सर शोधायला आता १८० दिवस मिळतात, आमच्या वेळी ६० होते, झोप उडायची राव.

आणि स्पॉन्सरशिपसाठी कोणी पैसे मागितले तर सरळ फोन ठेव, ते तिथे बेकायदेशीर आहे. टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथूनच स्टुडंट व्हिसा टाकायचा जुगाड पण १ जुलै २०२४ पासून बंद.