पावसाळ्यात काढलेलं माझं प्रत्येक निसर्गचित्र सारखंच हिरवं का होतं? ऋतू बदलला की चित्रकाराच्या कामात नेमकं काय बदलतं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात राहता, पावसाळ्यात ताम्हिणी, भोर असं फिरून मोबाइलवर भरपूर फोटो आणता, घरी बसून जलरंगात चित्रं काढता आणि दर वेळी हिरवंगार, सपाट, कॅलेंडरवर असतं तसं काहीतरी हाती येतं. शेवटी विचारलंय, की निसर्गातून चित्र 'सुचतं' म्हणजे काय होतं. मी आधी तुमच्या हिरव्याबद्दल बोलते. सुचण्याचं उत्तर त्यातूनच निघेल असं मला वाटतं.

मी वाईची. गेली अठरा वर्षं जलरंगात काम करते. वाईच्या पश्चिमेला कृष्णेवर धोमचं धरण आहे, त्याच्या जलाशयाच्या काठावर माझी एक ठरलेली जागा आहे. समोर पाणी, पाण्यापलीकडे कमळगडाचा डोंगर, अलीकडे भाताची खाचरं आणि बांधावर एक कुसुंबाचं झाड. बाकी कितीही ठिकाणी गेले तरी वर्षभर या जागेवर परत परत येते. पहिली काही वर्षं मीही तुमच्यासारखीच काम करत होते. ऋतू म्हणजे रंग, एवढंच डोक्यात. पावसाळा आला की हिरव्या ट्यूबा बाहेर, उन्हाळ्यात पिवळ्या आणि तांबूस. चित्रं विकली जायची, लोक छान म्हणायचे, पण आषाढातलं चित्र आणि आश्विनातलं चित्र शेजारी ठेवलं तर फक्त रंग बदललेले दिसायचे. हवा तीच.

मग एका आषाढात लावणीच्या दिवसांत मी तिथल्या एका आजींच्या गोठ्याच्या पडवीत बसले होते. पावसाने तासभर उघडीप दिली होती. मी रमतगमत रंग कालवत होते. आजी वैरण टाकायला आल्या, समोर बघितलं आणि म्हणाल्या, "आवर बाई तुझं. डोंगर लई जवळ आलाय. पाऊस गाठतोय बघ." पाच-दहा मिनिटांत खरंच सर आली. घरी येताना ते एक वाक्यच डोक्यात घोळत होतं. डोंगर जवळ आला म्हणजे काय झालं? मी त्याच्याकडे तासभर बघत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. चित्रात तर मी त्याला नेहमीच्या सवयीने फिकट निळा करून लांब ढकलून दिला होता.

आपल्याला शिकवलं जातं की जवळचं गडद आणि ठळक, लांबचं फिकट आणि निळसर. हवेत धूळ आणि बाष्प असतं, जितकं अंतर जास्त तितका त्यांचा थर जाड, म्हणून लांबचं पुसट. हे खरंच आहे. पण सह्याद्रीत पावसाच्या उघडिपीत काय होतं बघा. धूळ धुऊन गेलेली असते. डोंगरावर ढगाची सावली पडलेली असते आणि ओला झालेला कातळ कोरड्यापेक्षा कितीतरी गडद दिसतो. इकडे तुमच्या पायाशी खाचरांत पाणी साठलेलं, त्यात अख्खं आकाश उतरलेलं. म्हणजे चित्रातली सगळ्यांत उजळ जागा जवळची जमीन असते आणि सगळ्यांत गडद जागा लांबचा डोंगर. शिकलेलं सगळं उलटं होतं. आजींनी हे एका ओळीत सांगितलं होतं.

तुमचा फोटो नेमकं हेच खाऊन टाकतो. मोबाइलचा कॅमेरा गडद भाग आपोआप उजळ करतो, आकाश थोडं दाबतो आणि हिरव्याला रंग चढवतो. डोंगर आणि खाचर दोन्ही मधल्या छटेवर येऊन बसतात. त्यावरून काढलेलं चित्र सपाट होणारच, हाताचा दोष नाही.

त्यानंतर मी वर्षभर एक गोष्ट केली. पोस्टकार्डाएवढे कागद कापले आणि दर आठवड्याला एक असा फक्त कमळगड काढला, एकाच रंगात, इंडिगो म्हणजे गडद निळ्यात. हिरवा नाही, पिवळा नाही, फक्त किती गडद आणि किती फिकट. वैशाखातल्या दुपारच्या कार्डांवर डोंगर जवळजवळ नाहीच, आकाशाहून जेमतेम अर्धी छटा खाली. मृग लागल्यावर एकदम दणकट. श्रावणात एकाच बैठकीत तीनदा बदललेला. आश्विनात पाऊस सरल्यावर प्रत्येक घळ, प्रत्येक सोंड मोजता येईल इतका स्वच्छ. पौषातल्या सकाळी पाण्यावर धुकं असायचं आणि वरचा सपाट माथा तेवढा तरंगत असायचा, खाली कागद कोरा. ती कार्डं भिंतीवर ओळीने लावली तेव्हा रंग नसतानाही कोणतं कोणत्या महिन्याचं हे ओळखू येत होतं. माझ्यासाठी ऋतू तिथे सुरू झाला. तो पानांच्या आधी हवेत बदलतो.

आणि हीच हवा तुमच्या कागदावरही असते. जलरंगाबद्दल मला सगळ्यांत जास्त प्रेम याच गोष्टीचं आहे. एप्रिलमध्ये सकाळी दहानंतर तिथे वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पसरट हात, टाकला तर दोन-तीन मिनिटांत कागद कोरडा ठणठणीत होतो, कडा टोकदार होतात, मध्ये हात थांबला तर तिथेच रेघ बसते. आषाढात तोच वॉश अर्धा-अर्धा तास ओला चमकत राहतो, दुसरा रंग लावला की पसरत जातो, कडा राहतच नाहीत. ज्या दमटपणामुळे डोंगराची कड ढगात विरघळते, त्याच दमटपणामुळे कागदावरचीही विरघळते. उन्हाळ्यात जवळचं सगळं करकरीत कडांचं, सावल्या कापून ठेवल्यासारख्या, आणि कागदही तसाच वागतो. म्हणून पावसाळ्याचं चित्र एसीच्या खोलीत बसून काढू नका. निदान खिडकी उघडी ठेवा. मी पावसात हेअर ड्रायर वापरत नाही. तो ओल्या रंगाला ढकलतो आणि जे आपोआप घडत असतं ते मोडतं. एक चित्र सुकत असेल तोवर दुसऱ्या कागदावर आकाश टाकायचं. एका वेळी दोन-तीन कागद चालू ठेवायचे.

उन्हाळ्यात उलट कसरत. सकाळी सहाला हजर राहायचं आणि आठ-साडेआठला आवरायचं. मोठा वॉश हवा असेल तर कॉटन पेपर दोन्ही बाजूंनी भिजवून अॅक्रिलिकच्या पत्र्यावर चिकटवते, खालची ओल बराच वेळ टिकते. पाण्यात ग्लिसरीनचे एक-दोन थेंब टाकले तरी सुकणं लांबतं, पण जास्त झाले तर रंग चिकट होतो. कोरड्या गवतासाठी मात्र उन्हाळा स्वतःच मदत करतो: अर्धवट कोरडा ब्रश आडवा धरून खरखरीत कागदावरून ओढला की काम झालं.

आता तुमचा हिरवा. सगळ्यांत आधी सॅप ग्रीनची, म्हणजे तयार हिरव्याची, ट्यूब बाजूला ठेवा, निदान वर्षभर. पावसाळ्यात ढगाळ उजेड वरून येतो आणि ओल्या पानांच्या वरच्या बाजूवर करडं आकाश चमकतं, त्यामुळे झाडाचा माथा आपल्याला वाटतो त्याहून बराच राखाडी असतो. खरा हिरवा झाडाच्या आत, खालच्या बाजूला सापडतो. भाताचा तरवा लिंबट, तिथे लेमन यलोत कोबाल्ट ब्लू अगदी किंचित. उतारावरच्या करवीच्या रानाला निळसर करडेपणा असतो. आंब्याची जुनी पानं जवळजवळ काळी. मी बहुतेक हिरवे रॉ सिएना आणि अल्ट्रामरीनमधून काढते, आणि फार गोड व्हायला लागले की बर्न्ट सिएनाचा टिपका. ढगांसाठी तेच अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, फक्त प्रमाण वेगळं. जमीन आणि आकाश त्याच मोजक्या ट्यूबांतून आले की चित्र आपोआप एका हवेतलं वाटतं.

दुसरं म्हणजे, आपले ऋतू आपल्या झाडांकडून शिका. जलरंगाची बहुतेक पुस्तकं थंड देशांतली. त्यात लाल पानं म्हणजे पानगळ. माझ्या बांधावरच्या कुसुंबाची गोष्ट वेगळीच आहे. त्याला लाल रंग येतो तो नव्या पालवीला, फाल्गुन-चैत्रात, आजूबाजूचं रान उन्हाने वाळलेलं असताना. ती पानं इतकी कोवळी असतात की सूर्य मागे असेल तर उजेड त्यांच्यातून आरपार येतो. तिथे लाल रंग घट्ट लावला की संपलं. पहिल्यांदा मी तसंच केलं आणि झाड पेटल्यासारखं दिसायला लागलं. आता पातळ गुलाबी आणि बर्न्ट सिएना, मध्ये कोऱ्या कागदाच्या फटी सोडून. हा खेळ थोड्या दिवसांचा असतो. मग तांबूस होतो, मग पोपटी. त्या दिवसांत मी बाकी कामं बाजूला ठेवते. त्याच्या थोडं आधी काटेसावर आणि पळस, नंतर बहावा. तुम्ही पुण्यात आहात, बहावा तर तुमच्या रस्त्यांवरच आहे.

साताऱ्याजवळच्या कास पठाराबद्दलही तुम्ही विचारलंय. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यात कासही आलं, आणि तेव्हापासून भाद्रपदात तिथे गर्दी असते. फुलं पाहायला जरूर जा. चित्रासाठी एवढंच सांगेन की उभं राहून पाहिलं तर तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा हे जांभ्याच्या सड्यावर ओढलेले पातळ पट्टे दिसतात. फूल न् फूल काढायला गेलात तर पट्टा हरवतो.

आता सुचण्याबद्दल. माझ्या बाबतीत जागेवर गेल्या गेल्या काहीच सुचत नाही. पिशवी न उघडता वीसेक मिनिटं बसते. वहीत शब्द लिहिते, चित्र नाही: 'डोंगर पाण्यापेक्षा काळा', 'वारा पश्चिमेचा, पाण्यावर चरे', 'बगळे कागदापेक्षा पांढरे'. मग काड्यापेटीएवढे दोन-तीन आराखडे, फक्त तीन छटांचे. त्यातल्या एखाद्यात काहीतरी असं असतं की पोटात हलतं. बहुतेकदा ती एखादी सीमा असते, जिथे दोन गोष्टी एकमेकींना भेटतात. पाणी कुठे संपतं आणि चिखल कुठे सुरू होतो, अशी. धोमचं पाणी उन्हाळ्यात मागे हटत जातं, काठ दर आठवड्याला नवा असतो, तळाची भेगाळलेली जमीन वर येते. एका वर्षी मार्च ते जून मी फक्त तो सरकणारा काठ काढला. चित्र तीस-चाळीस मिनिटांत होतं. त्याहून जास्त वेळ घालवला तर उजेड बदललेला असतो आणि मी दोन वेगळ्या वेळांचा उजेड एकाच कागदावर रंगवू लागते. फ्रेंच चित्रकार मोनेने १८९०-९१ मध्ये गवताच्या गंज्या रंगवताना यावर साधा उपाय केला होता: उजेड बदलला की तो कॅनव्हास खाली, दुसरा वर. मीही आठचा कागद आणि नऊचा कागद वेगळा ठेवते.

जागेवरचं चित्र झालं की ते मी उलटं करून ठेवते. काही महिन्यांनी, बहुतेकदा वेगळ्याच ऋतूत, ते न बघता फक्त वहीतले शब्द वाचून मोठं चित्र करते. श्रावणातली ओळ पौषात वाचताना किती तरी तपशील गेलेले असतात, झाडं किती होती आठवत नाही, पण डोंगराचं वजन आठवतं. तेच रंगवायचं असतं. माझी ज्या चित्रांवर खरी माया आहे ती सगळी अशी उशिरा झालेली आहेत.

बघायचं असेल तर आपल्याकडे दोघं जण आवर्जून बघा. कोल्हापूरचे आबालाल रहिमान, १९३१ मध्ये गेले. रंकाळ्याच्या परिसरात त्यांनी केलेलं निसर्गचित्रण पाहिलं की एकाच जागेवर डोळा किती मुरू शकतो ते कळतं. आणि प्रल्हाद अनंत धोंड, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे एके काळचे अधिष्ठाता. त्यांच्या जलरंगातल्या समुद्रात ओला कागद काय करू शकतो ते दिसतं. छापील चित्रांवर समाधान मानू नका. मूळ चित्र कुठे लागलं असेल तर जाऊन समोर उभे राहा.

एक काळजीची गोष्ट राहिली. पावसाळ्यात कागद जपा. दमट हवेत कागदाच्या सायझिंगला, म्हणजे त्याला दिलेल्या खळीला, बुरशी लागते. ती कोऱ्या कागदावर दिसतही नाही, वॉश टाकल्यावर रंग टीपकागदासारखा ठिपक्याठिपक्यांत शोषला जातो तेव्हा कळतं. एका श्रावणात माझा महागाचा अख्खा गठ्ठा असा गेला. आता प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवते आणि लागतील तेवढेच बाहेर काढते.

तुम्हाला धोमला यायची गरज नाही. पुण्याच्या बऱ्याच गच्च्यांवरून सिंहगड दिसतो, त्याच्यावरचा टीव्हीचा मनोरा दिसला की तो ओळखायचा. नसेल दिसत तर पर्वती घ्या, नाहीतर जी टेकडी दिसते ती. पोस्टकार्डाएवढे बावन्न कागद कापा, इंडिगोची एक ट्यूब घ्या आणि या रविवारी पहिलं कार्ड करा. मागे तारीख, वेळ आणि शेवटचा पाऊस कधी पडला ते लिहा. दहाएक कार्डं झाली की त्यांचा फोटो इथेच टाका. मला खरंच बघायची आहेत.