पंपाचा डबा

*ताई, मी देवगड तालुक्यातल्या एका गावात राहते. बारावी सायन्स झालं, सीईटीला चांगले गुण आहेत. मला इलेक्ट्रॉनिक्सला जायचंय, लोणेऱ्याच्या विद्यापीठात नंबर लागेल असं वाटतं. बाबा म्हणतात, 'चेडवाक येवढ्या लांब कित्याक धाडूचा? हयच बीएस्सी कर.' खर्चाचंही काढतात. दादा डिप्लोमा करून पुण्यात नोकरीला आहे. तो मला खूप सपोर्ट करतो, पण बाबांपुढे त्याचं काही चालत नाही. (त्याचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मीच केला होता. विहिरीतलं पाणी संपलं की पंप आपोआप बंद होतो. आधी पाण्यात तारा सोडल्या होत्या, त्या गंजल्या, म्हणून मग मोटरचा करंट मोजला. तो डबा अजून आमच्या बागेत चालू आहे.) बाबांना कसं समजावू?*

अगं, बाबांना ठेव बाजूला. कंसात काय लिहून ठेवलंयस ते आधी वाच. मी तीनदा वाचलं.

मला इलेक्ट्रॉनिक्समधलं ओ की ठो कळत नाही. म्हणून तुझा कंस आमच्या नाक्यावरच्या मोटर रिवाइंडिंगवाल्याला वाचून दाखवला. मे महिन्यात कातळावरच्या विहिरी तळ गाठतात, पंप कोरडे फिरतात, आणि जळलेल्या मोटरींची रांग त्याच्या दुकानात लागते. त्याच्या पोटावर पाय आणणारं यंत्र आहे तुझं! तर तो हातातली तांब्याची तार खाली ठेवून म्हणाला, "पाणी नसला की मोटरीक ओढूक काय रवत नाय, करंट उतरता. ह्या त्या चेडवाक सांगल्यान कोणी?" मी म्हटलं, तारा गंजल्यावर तिचं तिलाच सुचलेलं दिसतंय. "मग तिका माझ्याकडे धाडा." तिकडे जाऊ नकोस, लोणेऱ्यालाच जा. पण एक गोष्ट फसली, का फसली ते बघितलं, मग वेगळ्या वाटेने तेच काम करून घेतलं, याला काय म्हणतात ते तुला अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. याला इंजिनिअरिंग म्हणतात.

आणि हे तू कंसात लिहितेस!

आता दादा. 'खूप सपोर्ट करतो.' कसला गं सपोर्ट? तुझ्या डोक्यावर डिप्लोमाचे गुण घेतले, त्या डिप्लोमावर नोकरी घेतली, आणि तुझी पाळी आली तेव्हा बाबांपुढे त्याची वाचा बसली. फोनवर 'मी तुझ्या बाजूने आहे' म्हणायला काही लागत नाही. बाबांचा दोष मला त्यामानाने लहान वाटतो. बागेत आलेल्या प्रत्येकाला ते तो डबा दाखवत असणार, 'ह्या माझ्या झिलान केल्यान' म्हणून. घरातलं डोकं मुलाकडे आहे असं त्यांना वाटतं, आणि तसं वाटू दिलंत तुम्ही दोघांनी मिळून. तूसुद्धा.

जॉसलिन बेल नावाच्या केंब्रिजच्या विद्यार्थिनीला १९६७ साली रेडिओ दुर्बिणीच्या आलेखात एक बारीकशी विचित्र खूण दिसली. तिने पिच्छा सोडला नाही, आणि पल्सार, म्हणजे ठरावीक तालात रेडिओ लहरींचे ठोके देणारे तारे, सापडले. १९७४चं नोबेल मात्र तिच्या मार्गदर्शकाला गेलं, तिला नाही. त्यावर बोंब झाली, आजही होते. पण ती बोंब होऊ शकली, कारण १९६८च्या शोधनिबंधावर तिचं नाव होतं. तुझ्यासाठी कोण बोंब मारणार? रिपोर्टवर नाव दादाचं आहे.

खर्चाचं उत्तर सोपं आहे. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि तुम्ही ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये येत असाल, तर कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतलेल्या मुलीची शिक्षण फी आणि परीक्षा फी २०२४-२५पासून राज्य सरकार भरतं. शिवाय एआयसीटीईची 'प्रगती' शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५० हजारांची. दाखले आत्ताच काढ, तहसीलमध्ये रांगा असतात. आणि 'लांब' म्हणशील तर कणकवलीला गाडीत बसायचं, माणगावला उतरायचं, लोणेरे तिथून जवळच. दादाचं पुणं काय कोपऱ्यावर आहे?

तेव्हा समजावणं वगैरे काही नको. आज रात्री जेवणं झाली की दादाला फोन लाव, स्पीकरवर टाक आणि फोन बाबांच्या पुढ्यात ठेव. मग बाबांना सांग, त्याला एवढंच विचारा: करंट किती अँपिअरच्या खाली आला की आपला पंप बंद होतो? तो आकडा तू लावलायस, तुला झोपेतही सांगता येईल. तो गडबडला तरी तू मध्ये पडून वाचवायचं नाही. तुझी सवय मला पत्रातूनच कळली आहे, म्हणून बजावून सांगतेय. गप्प बसायचं. बाबा तुझ्याकडे वळून बघतील, तेव्हा आकडा सांगायचा आणि प्रवेशाचा फॉर्म पुढे करायचा.

दादा काय बोलला ते मला उद्या सकाळी कळव.