तोलामोलाचे स्थळ कशावरून ठरते?

प्रश्न : मी २७ वर्षांची असून पिंपरी-चिंचवडमधील एका कंपनीत लेखा विभागात काम करते. त्याच विभागातील सहकाऱ्याशी लग्न करायचे मी ठरवले आहे. आमची जात एक आहे, पोटजातही एक आहे, पत्रिकाही जुळते. तरीही घरून विरोध आहे, कारण त्याचे वडील रिक्षा चालवतात आणि आई दोन घरी स्वयंपाकाला जाते. माझे वडील बँकेतून निवृत्त झाले आहेत. ‘जात एक असली म्हणून काय झाले, घर तोलामोलाचे हवे,’ असे ते म्हणतात. आता आईने मधला मार्ग सुचवला आहे : नातेवाइकांना दाखवायच्या परिचयपत्रकात त्याच्या वडिलांचा ‘वाहतूक व्यवसाय’ असल्याचे लिहावे. लोक खरोखरच आपापल्या आर्थिक वर्गातच लग्ने करतात का, की हा आमच्याच घरचा हट्ट आहे? आणि मी आईचे ऐकावे का?
– एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : हा हट्ट केवळ आपल्या घरचा नाही. आपल्याकडची बहुसंख्य लग्ने आपापल्या वर्गातच होतात आणि ती तशीच व्हावीत म्हणून आत्या, मावश्या, मध्यस्थ आणि वधूवर सूचक मंडळे मनापासून खपत असतात. मी स्वतः बारा वर्षे अशा एका मंडळाचे काम केले आहे, त्यामुळे आपले पत्र वाचताना कितीतरी चेहरे माझ्या डोळ्यांसमोर आले.

आमचे मंडळ एका ज्ञातीचे असल्यामुळे जातीचा प्रश्न तेथे दारातच मिटलेला असे. खरी निवड त्यानंतर सुरू होई आणि ती सर्वस्वी वर्गाची असे, जरी तो शब्द कुणाच्या तोंडी नसे. आमच्या अर्जात शिक्षण, नोकरी, वार्षिक उत्पन्न, वडिलांचा व्यवसाय, स्वतःचे घर आहे काय, असे रकाने होते आणि सर्वांत शेवटी ‘अपेक्षा’ हा रकाना होता. त्यात ‘अनुरूप’ एवढाच शब्द लिहून मोकळे होणारे पालक पुष्कळ असत. अनुरूप म्हणजे नेमके कसे, असे विचारले की उत्तर येई, ‘आपल्यासारखेच हो, दुसरे काय!’

एका मेळाव्यातला प्रसंग मी विसरू शकलेले नाही. सांगली जिल्ह्यातला एक तरुण व्यासपीठावर उभा राहिला. कृषी पदवीधर, निर्व्यसनी, बोलण्यात नम्र. त्याने शिक्षण सांगितले तेव्हा समोर बसलेल्या आया त्याचा नोंदणी क्रमांक वहीत टिपून घेत होत्या. ‘घरची द्राक्षबाग मीच पाहतो,’ हे वाक्य त्याने उच्चारले आणि माझ्या शेजारच्या बाईंनी नुकताच लिहिलेला क्रमांक आडवी रेघ मारून खोडला. त्या सभागृहातल्या कित्येक नोकरदार मुलांपेक्षा त्याच्या घरचे उत्पन्न जास्त होते, हे मला अर्जावरून ठाऊक होते. तेव्हा वर्ग म्हणजे केवळ पैसा नव्हे. हाताला माती लागते की नाही, महिन्याच्या ठरावीक तारखेला पगार होतो की नाही, राहणे गावात की शहरात, यावरून लोक तो जोखतात. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमणाऱ्या तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला. मुलींची संख्या घटल्याची त्यांची तक्रार रास्तच होती, परंतु मुलीकडच्यांनी शेतीकडे फिरवलेली पाठ हेही त्या मुलांच्या दुःखाचे मोठे कारण आहे, असे मी मंडळातल्या अनुभवावरून म्हणते.

आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. मुलगी द्यावी ती थोड्या वरच्या घरी आणि सून करावी ती थोड्या खालच्या घरची, असा आपल्याकडचा जुना हिशेब आहे. आपल्या भावाने रिक्षाचालकाची मुलगी पसंत केली असती, तर ‘गरिबाघरची आहे, पण सोशिक आहे’ असे म्हणून कदाचित त्याच वडिलांनी होकार दिला असता. ‘तोलामोलाचे’ हा शब्द दोन्ही पारडी सारखी असल्याचे सुचवतो, पण मुलीच्या लग्नात सासरचे पारडे किंचित जड असावे, अशीच अपेक्षा असते.

जात आणि वर्ग यांतले काय आधी पाहिले जाते, याचा एक चांगला अभ्यास बंगालमध्ये झालेला आहे. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एका बंगाली वृत्तपत्रात विवाहविषयक जाहिराती देणाऱ्या कुटुंबांच्या आवडीनिवडी तपासल्या; तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जातीबाहेरचा जावई टाळण्यासाठी मुलीकडचे लोक, अशिक्षित मुलगा आणि पदव्युत्तर शिक्षण घेतलेला मुलगा यांच्यात जेवढे अंतर असते तेवढ्यावर पाणी सोडायला तयार असतात, असा हिशेब त्यातून निघाला. मात्र प्रत्यक्षात तसे पाणी सोडण्याची वेळ फारशी कुणावर येत नाही, कारण हवे तसे शिकलेले स्थळ बहुधा जातीतच मिळून जाते. माझ्या मते आपल्या घरच्या विरोधाचे मूळ येथे आहे. जातीचे कुंपण शाबूत राहणारच, याची खात्री असल्यामुळे वडिलांना त्याच्या आत निवांतपणे वर्ग निवडता येतो.

वर्गात लग्न करणे ही फक्त सुखवस्तू घरांची हौस असते, असे मात्र समजू नये. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. मजूर जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती या जोडीला. एकजण ऊस तोडतो, दुसरा मोळ्या बांधून वाहतो, आणि एकट्या माणसाला तेथे अर्धीच किंमत असते. टोळीबरोबर जाणाऱ्या मुलासाठी मग बायकोही ऊसतोडीच्याच घरातली शोधतात, कारण फडावरचे काम तिला लहानपणापासून ठाऊक असते. येथे पसंतीचा प्रश्नच उरत नाही. पोटच ते लग्न ठरवते.

आता आपल्याविषयी. आपण दोघे सारखे शिकलेले आहात, एका विभागात काम करता, पगारही जवळपास सारखे असणार. उद्या एखाद्या सर्वेक्षकाने आपल्या लग्नाची नोंद केली, तर ती ‘एकाच वर्गातील विवाह’ अशीच होईल. आपले वडील त्या मुलाचा वर्ग त्याच्या नोकरीवरून न मोजता त्याच्या वडिलांच्या कामावरून मोजत आहेत, इतकाच फरक आहे. त्यांच्या मनात काही खऱ्या चिंताही असतील आणि त्यांना थेट भिडलेले बरे. त्याच्या पगारातून घरी किती पैसे जातात, कर्ज आहे काय, धाकट्या भावंडांचे शिक्षण कुणावर आहे, लग्नानंतर आपण कुठे राहणार, त्याच्या आईने काम सोडावे असे कुणाला वाटते काय आणि खुद्द तिला काय वाटते, हे सारे आपण दोघांनी कागदावर मांडून बोलावे. त्यानंतर वडिलांना एकदा त्याच्या घरी चहाला न्यावे. मंडळात असताना मी पाहिले आहे की, पत्रकावर नाकारलेले घर प्रत्यक्ष पाहिल्यावर पालकांचे मत पुष्कळदा निवळते.

आईचे मात्र ऐकू नये, असे मी आपल्याला कळकळीने सांगते. ते परिचयपत्रक नातेवाइकांच्या आधी त्या मुलाचे वडील वाचतील. बॅज लावून, हप्ते फेडून, उन्हापावसात रिक्षा चालवून ज्याने मुलाला पदवीपर्यंत नेले, त्या माणसाला याद्यांच्या बैठकीत आपल्या वडिलांसमोर बसून, स्वतःच्या कामाविषयी कुणी काही विचारू नये म्हणून गप्प राहावे लागेल. आपल्या संसाराची सुरुवात त्यांच्या त्या अवघडलेपणाने होऊ नये. पत्रकात ‘रिक्षाचालक’ असेच लिहावे.

प्रश्न : आंतरजातीय विवाह होऊ लागले आहेत. त्यांच्यामुळे श्रीमंत-गरीब हा भेदही कमी होईल, असे मानावे काय?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या नगरीला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे, कारण शाहू महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापूर संस्थानात अशा विवाहांना कायद्याचा आधार मिळाला होता. जातीतल्या जातीत लग्न हाच जातिव्यवस्थेचा गाभा आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात दाखवून दिले आणि आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय असल्याचे त्यांनी १९३६ मध्ये लिहिले. त्यानंतर एवढी वर्षे लोटूनही, २०११-१२ च्या देशव्यापी मानव विकास सर्वेक्षणात जातीबाहेर लग्न झाल्याचे सांगणाऱ्या स्त्रिया शंभरात सुमारे पाचच होत्या. महाराष्ट्र शासन पात्र जोडप्यांना ५० हजार रुपयांचे साहाय्य देते, पण नातेवाइकांचा रोष तेवढ्याने ओसरत नाही.

याच सर्वेक्षणाच्या आकडेवारीवरून पुढे एक अभ्यास झाला आणि त्याचा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. जोडप्याचे स्वतःचे शिक्षण आणि आंतरजातीय विवाह यांचा त्यात फारसा संबंध आढळला नाही. नवऱ्या मुलाच्या आईचे शिक्षण जास्त असेल, तर मात्र असा विवाह होण्याची शक्यता वाढलेली दिसली. लग्नाचा निर्णय अजून दोन माणसांचा नसून घराचा आहे, हे यावरून कळते.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला ‘नाही’ असेच द्यावे लागते. जातीबाहेरची ओळख व्हायला महाविद्यालय, कचेरी, वसतिगृह अशी एखादी जागा लागते आणि तेथे पोचलेली मुले बरीचशी एकाच आर्थिक थरातली असतात. विशेष विवाह कायदा, १९५४ याखाली झालेल्या चार विवाहांत मी साक्षीदार म्हणून सही केली आहे. चारही जोडपी भिन्न जातींची होती, चारही लग्नांना घरचे कुणी आले नव्हते. पण आठही मुलामुलींच्या हाती पदवी होती, नोकरी होती, आणि तीन जोडपी तर एकाच महाविद्यालयातली होती.